ताईच्या पंथाचं मूळ शोधायला टिपेररीत

कोलशेतहून निघालेली टॅक्सी माजिवड्याला अडकली आणि बराच वेळ जागची हलेना, तेव्हा विमान चुकलं तर बरं, असं मला मनापासून वाटून गेलं. लोक आयर्लंडला हिरवळ बघायला जातात. मी भांडणात जिंकायला चाललो होतो. आईने चटणीचा डबा हातात देताना दारातच बजावलं होतं, "पुरावा नीट आण. या वेळी तिला घेऊनच ये घरी."

ती म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही कळव्याच्या चाळीत राहत होतो तेव्हा ताई नर्स होती. कुणा मैत्रिणीबरोबर प्रार्थनेला जायला लागली आणि एक दिवस नोकरी, दागिने, ठरत आलेलं लग्न, सगळं सोडून प्रचारक झाली. तिच्या पंथाला नाव नाही, चर्चची इमारत नाही, प्रचारकांना पगार नाही. ते दोघादोघांनी फिरतात, बायका बायकांबरोबर, पुरुष पुरुषांबरोबर, आणि पंथातल्या लोकांच्या घरी थोडे थोडे दिवस राहतात. हे थेट येशूच्या शिष्यांपासून खंड न पडता चालत आलंय, कुणा माणसाने काढलेलं नाही, असं ताई सांगायची. आमचं घर बौद्ध. बाबा शेवटपर्यंत चिडून म्हणायचे, "आपणही धर्म बदललाच की, पण डोळे उघडे ठेवून." आईचं म्हणणं एकच: पोरगी साधी, फसली.

मग निवृत्तीनंतर माझ्या वाचनात आलं की हा पंथ जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे आणि तो आयर्लंडच्या खेड्यांत सुरू झाला. पुस्तकातलं ताई मानणार नव्हती. म्हणून मीच गेलो.

डब्लिनहून टिपेररीकडे जाणाऱ्या बसमधून मी एक थांबा आधीच उतरलो. पाऊस नव्हता, पण हवेतच इतकं पाणी होतं की स्वेटर ओला झाला. दोन्ही बाजूंना दगडी बांध, मध्ये चिखलाची बोरीन (शेतांकडे नेणारी अरुंद वाट) आणि वाटेच्या शेवटी माझ्यावर धावून आलेला एक काळा कुत्रा. त्याला हाक मारत ब्रीडाबाई बाहेर आल्या. सत्तरीच्या, एकट्या, घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देणाऱ्या. रात्री त्यांनी उकडलेले बटाटे, कोबी आणि खारवलेलं डुकराचं मांस वाढलं. तिन्हींना चव एकच. मी आईची चटणी काढली. बाईंनी चमचाभर खाल्ली आणि पेलाभर दूध पिऊन मगच बोलल्या.

"इतक्या लांबून नुसतं त्या पंथाच्या पहिल्या सभांचं घर बघायला आलात?"

"माझी बहीण त्यांच्यात आहे."

"अच्छा," त्या म्हणाल्या. "माझ्या आजीची बहीणही गेली होती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गाडीतून फिरवलं आणि घरात ऐकलेलं सगळं सांगितलं. एकोणिसावं शतक संपत आलं होतं. एक स्कॉटिश प्रचारक या भागात आला. पगारी धर्मोपदेशकांचा त्याला वीट आला होता. येशूने शिष्यांना झोळी न घेता, पैसा न घेता गावोगाव जायला सांगितलं, तेच अक्षरशः करायचं, असं त्याने ठरवलं. शेतकऱ्यांची मुलं, दुकानांतले नोकर, शाळेतल्या शिक्षिका, सगळे होतं ते विकून सायकलींवर निघाले. जोडीजोडीने. कधी कुणाच्या गोठ्यात, कधी फळ्या जोडून उभारलेल्या मांडवात प्रवचनं व्हायची, नदीत उतरवून बाप्तिस्मे व्हायचे. घराघरांत भांडणं लागली. काही वर्षांतच या जोड्या बोटींत बसून जगभर पसरल्या. पुढे तो पहिला माणूसच डोईजड व्हायला लागला, तेव्हा त्याला बाजूला केलं आणि त्याचं नाव घेणंही बंद झालं. नाव गेलं तशी सुरुवातही पुसली गेली. पुढच्या पिढीच्या मुलांना सांगितलं गेलं, हे येशूच्या गॅलिलीहून चालत आलंय.

"आणि तुमच्या आजीची बहीण?" मी विचारलं.

"ऑस्ट्रेलियाला गेली. पत्रं यायची. मग थांबली."

शेवटी त्यांनी गाडी थांबवली. पहिल्या सभा ज्या घरांत भरल्या त्यांतलं हे एक, असं तिथे मानतात. पाठीमागच्या कोठारात गायी बांधल्या होत्या. एवढ्याशा कोठाराने कळव्यातून आमची मुलगी ओढून नेली! मला संताप आला आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. मी चारी बाजूंनी फोटो काढले.

परतल्यावर घरी अंगावरचे कपडे बदलले आणि थेट डोंबिवली गाठली. ताई त्या महिन्यात पूर्वेला एका कुटुंबाकडे उतरली होती. हॉलमध्ये ती आणि तिची जोडीदारीण सुमन शेजारी शेजारी बसल्या होत्या.

"ताई, दोन मिनिटं एकटी भेट ना."

"अरे मिलिंद, आम्ही एकट्या कुठे असतो? बोल, तिच्यासमोर बोल."

हीच त्यांची रीत. इतक्या वर्षांत बहिणीशी एकट्याने चार शब्द बोलता आले नव्हते. मग मी दोघींसमोर सगळं काढलं. स्कॉटिश माणूस, सायकली, पुसलेलं नाव. फोटो समोर धरले. ताईने मोबाइल हातात घेतला, कोठाराचा फोटो मोठा करून पाहिला.

"गायी छान आहेत रे," ती म्हणाली.

"तुला कळतंय का मी काय सांगतोय?"

"मला माहितीये हे. खूप वर्षं झाली. कळलं तेव्हा दोन रात्री झोपलेली नाही मी."

मी सुमनकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "आमचं बोलणं झालंय यावर, दादा."

"मग आली का नाहीस? आई अजून वाट बघते तुझी!"

ताईने मोबाइल परत दिला. "कुणी सुरू केलं त्याने मला फरक नाही पडला. मला हे फिरणं आवडतं. घरात मला कधीच नाही आवडलं रे. आईला नको सांगूस."

मग तिने मला जेवायला थांब म्हटलं. मी थांबलो नाही.

कोलशेतला पोचलो तर आईने ताईची खाट मांडून तिच्यावर धुतलेली चादर घातली होती. माझ्या मागे कोणी नाही हे बघून ती म्हणाली, "मानली नाही ना? कुणीतरी घट्ट पकडून ठेवलंय पोरीला." मी दमलो होतो, चिडलो होतो, साऱ्या प्रवासाचा राग डोक्यात होता. मी म्हणालो, "कुणी पकडलेलं नाही. तिला सगळं आधीपासून माहीत होतं."



"म्हणजे फसली नव्हती ती?"

"नाही."

आई खाटेवर बसली. इतकी वर्षं ती शेजारणींना, नातेवाइकांना, स्वतःला हेच सांगत आली होती की पोर फसली, नाहीतर आईला सोडून कोण जातं. फसलेली मुलगी कधीतरी परत येते. ताई आता येणार नव्हती, आणि हे कळायला आयर्लंडला जायची काहीच गरज नव्हती.

"पुरावा आणलास खरा," आई म्हणाली, आणि तिने चादर काढून घडी घालायला घेतली.