हे म्हणत होते, सळ्या बांधा

आमचे हे, सुधाकरराव, मुळातच धास्तावलेले. सियालदहहून गाडी पकडायची तर दोन तास आधी फलाटावर हजर. गॅस बंद केलाय का ते बघायला फाटकातून परत. सरकारी कंपनीत जन्मभर पूल बांधले, बदलीने कोलकात्याला आले आणि डमडमला हे बैठं घर घेऊन आम्ही इथेच राहिलो. यांची धास्ती रोजचीच, त्यामुळे गेल्या वर्षी ते गच्चीवरून ओरडत खाली आले, तेव्हा मी कणीक मळायची थांबलेसुद्धा नाही.

आमचा तन्मय वर मजला चढवत होता. त्याचं, सुनेचं आणि चार वर्षांच्या ऋताचं घर. जुन्या खांबांतून वर आलेल्या सळ्या वीतभरच उरल्या होत्या आणि मिस्त्री त्यांच्या टोकांवर नव्या सळ्या वेल्डिंगने चिकटवत होता.

"तन्मय, थांबव हे! ही सळी अशी तापवली की सांध्याशी ठिसूळ होते. जुनं काँक्रीट फोड, दीड हात सळी मोकळी कर, नवी तिच्या शेजारी लावून तारेने बांध."

"बाबा, वेल्डिंग सोडून तार? गजरा बांधायचाय का?"

"तार नुसती जागेवर धरते रे. पुढे काँक्रीटच दोघींना घट्ट पकडतं."

ठेकेदार मंडलबाबू यांना बंगालीत काका म्हणत हसले. "मेशोमोशाई, लोहे से लोहा जुड़ गया, और क्या चाहिए?"

खरं सांगते, मलाही तेच पटलं. तन्मयने फोटो काढून ठेकेदाराच्या इंजिनियरला पाठवला. तिकडून अंगठा आला. फोडाफोडीत महिना गेला असता, आणि तन्मयने भाड्याची जागा सोडायची तारीख देऊन टाकली होती. "बाबांचं नेहमीचंच," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हे स्वतःच छिन्नी-हातोडा घेऊन खांब फोडायला बसले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस! मिस्त्रीने हातोडा अलगद काढून घेतला आणि यांना चहा दिला. यांनी तो प्यायला, काय करणार? मग खांबांभोवती साच्याच्या फळ्या लागल्या, काँक्रीट पडलं आणि बोट ठेवून दाखवायलाही काही उरलं नाही.

त्यानंतर यांनी गॅस तपासणं सोडलं. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. एवढ्या तेवढ्याला घर डोक्यावर घेणारा माणूस गप्प झाला होता. पण आता घाबरून उपयोग काय? वरातीमागून घोडं.

वास्तुशांत झाली, ती मंडळी राहायला आली. वर ऋता नाचायला लागली की यांचा घास हातातच राहायचा. एका दुपारी जेवण अर्धवट टाकून म्हणाले, "कुसुम, आपली गादी वर नेऊ या. त्यांच्या शेजारच्या खोलीत."

"का हो?"

"काही झालंच, तर मला खाली बसून ऐकायचं नाही."

यांना गादी ओढताना बघून तन्मय केवढा खूश झाला! "बघ आई, पटलं शेवटी बाबांना!"

मी गादीचं दुसरं टोक धरलं आणि यांच्या मागून जिना चढले.