इंजिनाच्या भिंतीवरची वैनी

लातूर जिल्हा झालं आणि आम्हा पेंटर लोकांची चंगळ झाली. दुकानादुकानाच्या पाटीवरचं ‘जि. उस्मानाबाद’ पुसायचं आणि ‘जि. लातूर’ लिहायचं, यातच कितीतरी महिने गेले. पाट्या संपल्या तशा भिंती सुरू झाल्या.

भिंतीवर चित्र काढायची आमची पद्धत सोपी होती. कागदावर चित्र काढायचं, रेघेवरून सुईनं भोकं पाडायची, कागद भिंतीला लावून वरून कोळशाच्या पुडीची पोटली आपटायची. कागद काढला की भिंतीवर ठिपक्यांची बाई उभी. या कागदाला आम्ही खाका म्हणायचो. माझ्याकडं बाईचा एकच खाका होता. गोरीपान, गोल चेहऱ्याची, कपाळावर मोठं कुंकू. डाळ तीच विकायची, गोडेतेल तीच, सायकलचे टायरसुद्धा तीच. बाप्याच्या खाक्याला फेटा आणि मिशा होत्या, आणि त्याचा हात कायम पाण्याच्या इंजिनावर. बाई शेजारी भाकरी घेऊन उभी. लातूरच्या बाजारात अशी गोरी बाई मी एकही बघितली नव्हती, तरी वर्षानुवर्षं काढत राहिलो. अक्कल नंतर येते माणसाला.

माझी वैनी लोह्याजवळच्या आमच्या गावात राहायची. मोठ्या दुष्काळात विहिरीचं खोदकाम चालू असताना गाळाचं पाणी उपसायला एक इंजिन आणलं होतं. ते चालवणारा काम सोडून पळाला, तेव्हा खडी फोडायची सोडून ती इंजिनापाशी बसली. बघून बघून शिकली. पुढं भाऊ वारला, तशी ती गावातली बंद पडलेली इंजिनं दुरुस्त करायला लागली. पण लोक काम करून घ्यायचे आणि चारचौघांत बोलवायला मात्र लाजायचे. विधवा बाईचा हात चांगल्या कामाला कशाला, असं तोंडावर म्हणायचे. तिला लातूरला इंजिनाच्या दुकानात दुरुस्तीचं काम पाहिजे होतं. ज्यांच्या पाट्या मी रंगवायचो अशा एका इंजिनाच्या दुकानाच्या मालकांना मी विचारलं. ते म्हणाले, “आणा एकदा, बघू.”

त्याच मालकांच्या एस.टी. स्टँडसमोरच्या दुकानाची भिंत रंगवायला माझ्याकडं आली. मालक दोन दिवस नांदेडला गेलेले. मला काय सुचलं कोण जाणे, खाका गुंडाळून ठेवला आणि आठवणीतून वैनी काढली. काळीसावळी, पदर खोचलेला, दोन्ही हातांनी इंजिनाचं हँडल फिरवणारी. माझ्या हातून आजवर निघालेलं हे एकच खरं चित्र.

मालक परत आले त्या सकाळी, मी कळवल्याप्रमाणं, वैनीही बसमधून उतरली. मालकांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग म्हणाले, “बाईमाणूस इंजिन फिरवती? चालू दे. कुंकू हाय म्हणून खपतंय बघा. घरची बाई वाटती.”

तेव्हा कुठं मला दिसलं. तोंड संपलं की शेवटचा ठिपका लाल, ही बोटांना सवय. वैनीच्या कपाळावर मी कुंकू लावलं होतं. मला भुईनं गिळलं तर बरं, असं झालं.

वैनीनं माझ्या हातातलं रॉकेलचं फडकं घेतलं. रंग ओलाच होता. तिनं कुंकू पुसलं आणि म्हणाली, “माझं तोंड काढायचं तर माझंच काढा, भावजी.”

“अवो बाई,” मालक म्हणाले, “काम मागायला आलाव आणि असं करून राहिलाव? लोक काय म्हणतील?”

“लोकांना पाणी पायजे, मालक. कपाळ बघून इंजिन चालू होत न्हाई.”

काम हातचं जाणार हे तिला माहीत होतं, तरी पाय मागं घेतला नाही. अशी बाई माझ्या घरची, म्हणून मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

मालकांनी भिंतीकडं एकदा बघितलं. मग दुकानात गेले, पान्यांची पिशवी घेऊन आले आणि तिच्या हातात दिली. “औशाकडं एक इंजिन दोन दिवस बंद पडलंय. आजच्या आज झालं पायजे.”

“हाव,” म्हणून ती निघाली.

मी उरलेली अक्षरं भरायला घेतली. लक्ष तिच्या वाटेकडं होतं, इंजिनाचं नाव चांगलंच वाकडं आलं. मालकांनी ते तसंच राहू दिलं.