हा माड नाही

आमच्या परसात पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलायचा आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. "वा वहिनी, माड चांगला वाढलाय." मग तो दूधवाला असो, विजेचं मीटर बघायला आलेला असो, नाहीतर सासरचा पाहुणा. हातातलं काम टाकून मी सांगायचे, "हा माड नाही." मग काय आहे, असं त्याने विचारलं असतं तर माझीच पंचाईत झाली असती, म्हणून मी त्याला पुढचं बोलूच द्यायचे नाही. नारळाची पात दाखवायचे, याची पात दाखवायचे, बुंध्यावरची कडी मोजून दाखवायचे. पाहुणे चहा न घेताच उठायचे.

ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं तेव्हा मी लग्न होऊन भिवंडीत आले. माहेर गणेशपुरीचं. घरामागे भाताची खाचरं आणि बांधावर शिंदीची झाडं. सासरी शेडमध्ये कापड विणायचे आठ लूम, दिवसरात्र खडखडाट, आणि हवेत सतत रुई. भातात रुई, केसात रुई, धुऊन वाळत घातलेल्या कपड्यांवर रुई. घर आणि शेड यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा होती, तिथे मोडके धोटे आणि तुटके पट्टे फेकलेले असायचे. ते सगळं मी एकटीने उपसलं आणि झाडं लावली. गुलाब-मोगरा लावून पाहिला, रुईने त्यांचा जीव घेतला. टिकले ते ताडामाडाच्या जातीतले. त्यांची पानं ओल्या फडक्याने पुसता येतात. सासूबाई ओट्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "पोरांची तोंडा पुसाला येल न्हाय, न झाराची पुसते." त्यांचं चुकत होतं असं नाही, पोरांसाठी मला वेळ नसायचा, झाडांसाठी असायचा.

ओळखायला शिकवलं ते शेजारच्या चाचांनी. जन्मभर जहाजावर नोकरी करून ते घरी बसले होते. घराणं मूळचं किनाऱ्याकडचं, त्यामुळे माडाची माया रक्तातच. ते भिंतीपलीकडून बोलायचे. "सूनबाई, आधी बघ, पान पिसासारखं का पंख्यासारखं. मग पातीची घडी बघ." शिंदीच्या पातीची घडी वर उघडी असते, पन्हळीसारखी, पाणी धरणारी. नारळ-सुपारीची उलटी असते, कौलासारखी, पाणी सोडणारी. एवढं कळलं आणि मला वेडच लागलं. एसटीत बसले की खिडकीतून मी पानंच बघत जायचे. सुपारीचं पहिलं पान दोन फाट्यांचं निघतं, शिंदीचं म्हणजे नुसती गवताची पात, आणि भेरली माड जन्मतःच माशाची शेपटी घेऊन येतो. बी रुजल्यावर पहिलं पान कसं निघतंय ते बघायला मी सकाळी चहाच्या आधी परसात जायचे. तो आनंद कुणाला सांगितला तर लोक मला हसायचे. हसू देत.

आणि एक दिवस चाचांनी भिंतीवरून तीन बिया दिल्या. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत सापडल्या होत्या. कुठल्या बंदरावर उचलल्या, त्यांनाही आठवत नव्हतं. त्यातली एकच रुजली, तीही पाच महिन्यांनी, मी कुंडी रिकामी करायला घेतली होती तेव्हा. तोच हा. नारळ नाही, सुपारी नाही, भेरली नाही. बॉटल पाम म्हणावं तर बुंध्याला पोट नाही. चाचा म्हणाले, "पत्ते धोका देते हैं. फुलाला येऊ दे, मग मी सांगतो याचं नाव." म्हणजे मला बारा-पंधरा वर्षं थांबायचं होतं. मी थांबायला तयार होते.

नव्वदनंतर यांनी ठरवलं, शेड वाढवायची, आणखी सहा लूम टाकायचे. जागा कुठली? परसाचीच. मी चार दिवस अन्नाला शिवले नाही असं सांगितलं तर खोटं होईल, पण चार दिवस स्वयंपाक नीट केला नाही एवढं खरं. शिंदी गेली, भेरली गेली, सुपाऱ्या गेल्या. तेव्हाच मला हे सगळं घर पेटवून द्यावंसं वाटलं होतं. पण या एका झाडापुढे मी उभी राहिले. "हे शेडच्या आत राहील," म्हटलं. "पत्र्याला भोक पाडा. कोकणात घरातून माड जातात वर."

"आणि जाड झालं म्हणजे? पत्रा फोडील."

"जाड होत नाहीत हे. आधी बुंधा भरतो, मग नुसती उंची. आंब्यासारखी दरवर्षी कंबर वाढत नाही यांची."

यांचा विश्वास बसेना. तेव्हा मी तीन वर्षं, दरवर्षी एक, बुंध्याचं माप घेऊन गाठ मारून ठेवलेले दोरे आणून दाखवले, लूमचाच सुती दोरा. तिन्ही सारख्या लांबीचे. हे बराच वेळ ते दोरे एकमेकांना लावून बघत बसले, कापडाचा पन्हा बघतात तसे. मग म्हणाले, "ठीक हाय. भोक ठेवू." माझ्या एवढ्या वर्षांच्या बडबडीतलं पहिल्यांदा काहीतरी यांच्या डोक्यात शिरलं होतं. मी त्या दिवशी पुरणपोळी केली.

मग ते झाड शेडच्या मधोमध उभं राहिलं, चार लूम इकडे, दोन तिकडे. बुंध्याभोवती हातभर माती सोडली होती. शिफ्टचे कामगार त्याला 'भाभी का पेड़' म्हणायचे. शर्ट अडकवायला एकाने खिळा ठोकला तेव्हा मी त्याला असं काही झापलं की त्याने दोन दिवस ड्युटी बदलून घेतली. ताडामाडाच्या बुंध्याची जखम कधी भरून येत नाही, हे मी प्रत्येकाला बजावून सांगितलं. पावसात बुंध्यावरून पाणी उतरायचं, एकदा लूमवरचा सुताचा बीम भिजला, कापडाला डाग पडले, व्यापाऱ्याने माल परत केला. यांनी सायकलची जुनी ट्यूब बुंध्याभोवती गुंडाळून वरून डांबर लावलं. हे सगळं मी सांगतेय, कारण माणूस दुष्ट नव्हता, हे मला नाकारता येत नाही. नाकारता आलं असतं तर बरं झालं असतं.

पंच्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. उन्हाळा होता. पानांच्या हिरव्या गुंडाळीखाली, बुंधा संपतो तिथे मला फुगवटा दिसला. रोज गच्चीत जाऊन मी तो बघायचे. फुलोरा येणार होता. चाचांना सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण म्हणाले, "घेऊन ये. हाताने बघीन." तेवढ्यात गणेशपुरीहून निरोप आला, आई आजारी. मी दहा दिवसांसाठी गेले. निघताना यांना सांगितलं, "झाडाकडे लक्ष ठेवा."

यांनी लक्ष ठेवलं. वारा सुटला की झाड डोलायचं आणि भोकाजवळचा पत्रा चिरकायचा. मी गेल्यावर एक पत्रा फुटलाच. तो बदलायला पत्रेवाला वर चढला होता, त्याच्याकडे करवत होती. हे खालून म्हणाले, शेंडा उडव, वारा धरणार नाही.

मी एसटी स्टँडवरून रिक्षाने आले, तर शेडच्या दारात तो अख्खा शेंडा पडलेला. पानं सुकून खडखडीत झालेली. वर बघितलं तर भोकातून नुसता खांब. पिशवी हातातून खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. हे लगबगीने पुढे आले. तोंडावर चक्क समाधान.

"झाड तोडलं नाय हां मी. शेंडाच छाटलाय. आता खालून कसं डेरेदार फुटेल."

"शेंडा छाटला," मी म्हटलं. "शेंडा छाटल्यावर माड जगतो का हो? आगरी घरात जन्मलात तुम्ही. दापोड्याला तुमच्या आजोबांचे माड होते."

"माडाचं मला कळतं की," हे म्हणाले. अगदी सरळ, साध्या तोंडाने. "माडाला मी हात तरी लावला असता का? पण तूच तर सांगतेस येणाऱ्या-जाणाऱ्याला, हा माड नाही म्हणून."

आयुष्यात पहिल्यांदा मी भांडण अर्धवट सोडून घरात गेले.

मी काय काय शिकवलं नव्हतं त्यांना? पातीची घडी, बुंध्याची जाडी, खिळ्याची जखम. फक्त हे एक सांगितलं नाही, की ताडामाडाच्या सगळ्या जातीला एकच डोकं असतं, ते गेलं की झाड गेलं. का नाही सांगितलं? कारण ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं असं मला वाटलं. आणि ते त्यांना ठाऊक होतंही. मीच बारा वर्षं घसा फोडून त्यांच्या माडांतून या झाडाला बाहेर काढलं होतं. एवढी मोठी शहाणी मी.

संध्याकाळी पडलेल्या शेंड्याची हिरवी गुंडाळी विळीवर चिरली. आत फुलोऱ्याची पोय होती, मिटलेली, हाताएवढी. मी ती पदराखाली घेऊन चाचांकडे गेले. त्यांनी ती मांडीवर घेतली, नखाने फाडली, आतले कोवळे दाणे बोटांनी चाचपले. बराच वेळ चाचपत राहिले. मग म्हणाले, "कच्ची आहे, बेटी. यावरून नाही सांगता येणार." एरवी ते मला सूनबाई म्हणत. घरी आणून मी ती बादलीत पाण्यात ठेवली, उमलेल म्हणून. चौथ्या दिवशी काळी पडून तिला वास सुटला.

आणि हे पाणी घालायला लागले. जन्मात कधी एका तुळशीला तांब्या घातला नव्हता या माणसाने. रोज सकाळी शिफ्ट बदलायच्या वेळी बादली भरून त्या खांबाच्या मुळाशी. "फुटलं का ग काही?" विचारायचे. मी म्हणायचे, "वेळ लागतो."

हो, मी असं म्हणायचे. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ना, ते मी तीन महिने डोळ्यांनी बघितलं आणि त्यांना घालू दिलं. कामगार बघायचे, त्यांनाही कळत होतं, कुणी बोलत नव्हतं. सासूबाई एकदा मला एकटीला गाठून म्हणाल्या, "सांग ग त्याला." मी सांगितलं नाही. इतका राग होता. त्यांच्यावर होता की माझ्यावर, ते तेव्हा वेगळं करता येत नव्हतं, म्हणून सगळा त्यांच्याच बादलीत ओतत होते.

पाऊस लागला आणि खांबाला बुंध्यापासून वरपर्यंत अळंबी फुटली. हे बादली घेऊन उभे राहिले. मी दारातच होते.

"मेलंय हे," ते म्हणाले.

"हो."

"तुला माहीत होतं?"

"आले त्या दिवसापासून."

त्यांनी बादली खाली ठेवली आणि लूम बंद पडला होता तिकडे गेले. त्यानंतर या विषयावर ते कधी बोलले नाहीत, मला दूषणही दिलं नाही. दिलं असतं तर मी काहीतरी उलट बोलले असते आणि मोकळी झाले असते. खांब पुढच्या वर्षी कापला. भोकावर दुसऱ्या रंगाचा पत्रा मारला, तो गोल तुकडा अजून उठून दिसतो.

परवा नवा फिटर आला होता. मान वर करून बघत म्हणाला, "काकी, हे भोक कशाला पाडलं होतं? माड होता का इथे?"

हे शेजारीच खुर्चीत बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही, पण हातातला सुपारी कातरणारा अडकित्ता थांबला.

"हो," मी म्हटलं. "माडच होता."