नऊ वर्षांच्या खोट्या फुल्या

सिस्टर रोझलिन गेल्या. मी नऊ वर्षं त्यांच्याशी खोटं बोलले.

सकाळी मेसेज आला. दुपारी तीनला दफन आहे. त्याआधी लिहून टाकते, नंतर धीर होणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी दवाखाना चालवणाऱ्या त्या नन.

माझं लग्न सतराव्या वर्षी ठरलं, तेव्हा ते मोडेपर्यंत आमच्या ओटीवर ठाण मांडून बसल्या. मी नर्स झाले ती त्यांच्यामुळे.

पण कॉपर-टी, गोळ्या, ऑपरेशन?
त्यांच्यापुढे नाव काढायचं नाही.

तिसऱ्या मुलीच्या वेळी बीपी इतकं वाढलं की डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा नको. सासूबाईंना नातू हवाच होता. मी रडत सिस्टरकडे गेले.

"ऑपरेशनला मी हो म्हणणार नाही. आमच्या धर्मात बसत नाही."

"मग मरू काय?"

 त्यांनी महिन्याचा तक्ता काढला. ज्या दिवशी नवऱ्याने जवळ यायचं नाही, तिथे लाल फुली.

"फुली तू मारायची नाहीस. त्याने मारायची. आणि दर महिन्याला मला आणून दाखवायची."

आमच्या वाडीत पुरुषाला असं कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांचे कान लाल झाले, पण तक्ता घेऊन गेले.

मी मात्र दर महिन्याला पाळी येईपर्यंत जीव मुठीत धरून असायचे. चार दिवस उशीर झाला की मुलींकडे बघवायचं नाही.

शेवटी महाडला जाऊन ऑपरेशन केलं. सासूबाईंना सांगितलं, अपेंडिक्स.

"आता सिस्टरला काय सांगायचा गो?" हे म्हणाले.

"काय नाय. फुल्या मारत राहा."

आणि हा भला माणूस नऊ वर्षं तक्ता घेऊन जात राहिला! सिस्टर त्याला शाबासकी द्यायच्या. मी मान खाली घालायचे.

रागही यायचा. जिने मला नाही म्हणायला शिकवलं, तिलाच घाबरायचं?

मोठी लेक विचारते, "आई, सिस्टर फेमिनिस्ट होत्या की उलट?"
मला अजून सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात भेटायला गेले, तेव्हा सांगणारच होते. अर्धा तास बसले. संत्रं सोलून दिलं आणि परत आले.

सिस्टर, मी ऑपरेशन केलं होतं.
त्याचं मला पाप वाटत नाही. तुमच्यापासून लपवलं, ते मात्र खातंय.

सासूबाई, तुम्हालाही हे आजच कळतंय. घरी आल्यावर बोलू.

सिस्टर, मी जिवंत आहे.
तिन्ही मुलींना घेऊन तुम्हाला माती द्यायला येतेय.