टेबलावरच्या स्टेशनाचं पुस्तक

माझ्या नवऱ्याने एक पुस्तक काढलं होतं आणि त्यात मला जागा नव्हती.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं. सकाळी श्राद्ध झालं, पंगत उठली, पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले. आता घरात मी आणि फॅन.
म्हणून इथे ग्रुपवर लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हे केजच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, मी झेडपीच्या शाळेत.
केजला रेल्वे तेव्हाही नव्हती, आजही नाही.

पण माझे सासरे रेल्वेत गँगमन. ह्यांचं सगळं लहानपण रुळाच्या कडेच्या क्वार्टरमध्ये गेलेलं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले,
"हितं झोपच लागंना. लई शांत हाय."
नवी बायको शेजारी आणि ह्या माणसाला मालगाडी पाहिजे!

पुढे मागच्या खोलीत एक टेबल आलं आणि त्यावर ह्यांनी स्वतःच्या हाताने रेल्वे मांडली.

छत्रीच्या काड्यांचे रूळ. काडेपेटीच्या काड्यांचे स्लीपर. अगरबत्तीच्या खोक्यांचे डबे. मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटर घातलेलं इंजिन. आणि प्लॅटफॉर्मवर पिवळी पाटी, 'केज'.

तेव्हा गावात नुकतंच केबल आलं होतं. जो तो संध्याकाळी टीव्हीपुढे. आमचे हे ऑफिसातून आले की चहा पिऊन सरळ स्टेशनात.
मी ओट्यापाशी, हे टेबलापाशी. मधे एक भिंत.

आम्हाला मूल नाही. जवळच्यांना माहीत आहे.
एकदा शेजारीण हसत हसत म्हणाली, "लेकरू न्हाई अन् खेळणं हाय घरात."
मीपण हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.
त्या रेल्वेचा मला मनापासून राग यायचा. अगदी तिच्यावर कपडा मारतानासुद्धा.

मग टेबलाच्या पायाला वाळवी लागली. औषध टाकलं, पाय बदलला, पण हे घाबरले ते घाबरलेच.
"फोटो काढून पुस्तक करू. टेबल काय राहत न्हाई."
"कोण वाचणार?"
"कुणी न्हाई. पण राहील तर."

कुणाला विचारणं नाही, कुणाची मदत नाही. स्वतःच लेखक, स्वतःच प्रकाशक. जाहिरातीसुद्धा घेतल्या नाहीत. खतवाल्याची जाहिरात आणि पुढाऱ्याचा फोटो नसलेलं आमच्या भागातलं ते पहिलंच पुस्तक असेल!

फोटो काढायला बालाजी. त्याचा स्टुडिओ होता आणि सगळा धंदा लग्नाचा. बिचारा पोटावर झोपून आमच्या टेबलाचे फोटो काढत होता. मधेच मान वर करून म्हणाला,
"साहेब, सगळं झ्याक हाय. पर स्टेशनात एक बी माणूस कावून न्हाई?"
"माणसं जमत न्हाईत मला," हे म्हणाले.
मी दारात चहा घेऊन उभी होते. मनात म्हटलं, खरं बोललात.

लग्नाच्या अल्बममध्ये तेव्हा मिक्सिंगची फॅशन होती. नवरा-नवरी गुलाबाच्या फुलात, नाहीतर सरळ ताजमहालासमोर. बालाजीने न विचारता आमच्या स्टेशनावर तेच केलं. भाच्याच्या लग्नातला माझा फोटो घेतला आणि मला प्लॅटफॉर्मवर उभं केलं.

जरीची साडी, हातात पर्स. गाडी माझ्या गुडघ्याएवढी.
मला तो फोटो इतका आवडला म्हणून सांगू! पहिल्यांदाच मी त्या स्टेशनावर गेले होते.

ह्यांनी बघितला आणि म्हणाले,
"काढ बे ते."
"साहेब, वैनी हायत त्या."
"दिसतंय मला. सिग्नलपेक्षा उंच बाई? डब्यात कशी बसंल? स्केल चुकलंय."

त्या दिवसापासून माझं एकच. ताट वाढायचं, झाकून ठेवायचं, आपण पाठ करून झोपायचं. शेवटी एकदा तोंडातून निघालंच,
"एवढ्या वर्षांत त्या खोलीत माझं काय हाय? सांगा बरं."

पुढच्या रविवारी बालाजी परत आला. मला खोलीत बोलावलं.

प्लॅटफॉर्मवर एक बाई उभी होती. नखाएवढी. काडीचं अंग, मेणाचं डोकं, अंगावर माझ्याच निळ्या साडीचा तुकडा. डब्याच्या दारातून बरोबर आत जाईल एवढी.

माणसं जमत नाहीत म्हणणाऱ्याने केलेली.

मी वाकून तिला नीट बघितलं. पण सरळ बोलेन तर मी कसली!
"मी एकटीच? अन् तुमी कुठं?"
"मी हितं हाय की, टेबलापाशी. बघतोय तुला."

पुस्तक अंबाजोगाईला लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये छापलं. कागद हलका, फोटो तव्यासारखे काळे. त्या पानावर मी म्हणजे एक ठिपका. सांगितलं नाही तर वाटेल, शाई सांडली आहे.
नातेवाइकांना प्रती वाटल्या, एक्स्चेंजमध्ये वाटल्या. सगळे "छान" म्हणाले. पुढे कुणी विषय काढला नाही.
टेबल शेवटी वाळवीनेच नेलं.

आज सगळे गेल्यावर ते पान काढून बसले. चष्मा लावला, खिडकीजवळ नेलं. सापडले मी. गाडी उभी आहे, मी उभी आहे. सगळं स्केलमध्ये.

फक्त बघणारा माणूस गेला.

भावपूर्ण श्रद्धांजली सकाळपासून सगळ्यांनी वाहिली. मला तेवढं जमत नाही.

अहो, करमत नाही मला.