चंदीगडची उत्तर भिंत

पहिली चूक मी पुण्याच्या विमानतळावरच केली. पिशवीतून निघालेल्या पिवळ्या डब्याकडे बोट करून जवानाने विचारलं, "हे काय आहे?" हळू सांगता आलं असतं, पण मी वर्गात शिकवल्यासारखा खणखणीत आवाज लावला. "रेडिएशन मोजायचं यंत्र." माझ्यामागची रांग चार पावलं मागे सरकली. त्यानंतरचा अर्धा तास मी कागद दाखवत होतो आणि लोक माझ्याकडे, सर्दी झालेल्या माणसाकडे पाहावं तसे पाहत होते. त्या जवानाने मात्र न चिडता प्रत्येक कागद वाचला. त्याचे आभार तेव्हा मानायचे राहिले, इथे मानतो.

माझा धंदा थोडक्यात सांगतो. कारखान्यांत वापरलेली किरणोत्सारी उपकरणं निकामी झाली की ती भंगारात जाऊ नयेत, म्हणून नियमाप्रमाणे काढायची, बांधायची आणि कायमच्या साठवणीच्या जागी रवाना करायची. चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात साबणपूड करणारा एक कारखाना बंद होत होता. तिथल्या टाकीत पूड किती चढली हे बाहेरून कळावं म्हणून पूर्वी सीझियमची एक कुपी बसवलेली होती. कुपी वाटाण्याएवढी, पण ती राहते चाळीस किलोच्या शिशाच्या भांड्यात. सहा वर्षांपूर्वी ते उपकरण निवृत्त झालं तेव्हा मीच येऊन ते भांडं जुन्या शेडमधल्या खड्ड्यात ठेवलं, कुलूप लावलं आणि रजिस्टरात लिहिलं: उत्तरेकडची भिंत, मधोमध. आता तेच उचलून न्यायचं होतं. एका दिवसाचं काम, म्हणून मी एकच जादा शर्ट घेतला.

चंदीगडला उतरल्यावर भाचीकडे जायचं होतं. सुजाताचे यजमान हवाई दलात आहेत आणि पोस्टिंग तिथलंच. पत्ता लिहून घेतला होता, पण सेक्टरचा आकडा उलटा. रिक्षावाल्याने मला पाऊण तास गोल चौकांतून फिरवलं. प्रत्येक चौक मागच्यासारखाच दिसायचा. मी ओशाळलो तर तोच म्हणाला, "यहाँ सब खोते हैं बाऊजी, आप आराम से बैठो." मीटरवर झालं त्याहून एक रुपयाही त्याने जास्त घेतला नाही. सुजाताने दार उघडलं आणि म्हणाली, "मामा, तुम्ही चुकणार हे धरूनच मी पिठलं उशिरा टाकलं."

सकाळी कारखान्यात मॅनेजर मल्होत्रा भेटले. शेड बघून माझं तोंड उतरलं. ओल लागून साबणपूड दगडासारखी झाली होती आणि फरशीवर तिचा चार बोटं जाड थर बसला होता. खाली काय आहे ते दिसायची सोय नव्हती. मी फोनवर होकायंत्र उघडलं. तेव्हा कळलं की इमारत तिरकी बसली आहे. उत्तर दिशा भिंतीवर येतच नव्हती, ती थेट कोपऱ्यात येत होती. म्हणजे त्या कोपऱ्याला भिडणाऱ्या दोन भिंतींपैकी एक माझी. एकीसमोर गंजक्या लोखंडी रॅकचा डोंगर होता, तो हलवायला दिवस गेला असता. दुसरीसमोर मोकळं होतं. मोकळी ती उत्तर, असं मी ठरवलं. तीस वर्षांचा अनुभव असा कामाला येतो.

चार मजुरांनी दोन तास पहारी मारल्या. खड्डा लागला नाही, पाण्याचा पाइप लागला. तो फुटला तेव्हा मी वाकून बघत होतो. भिजलेली साबणपूड काय करते ते सांगायला नको. मी फेसात उभा होतो, हातातलं यंत्र तेवढं डोक्यावर उंच धरलेलं, आणि ते काही बोलत नव्हतं. मजूर हसले, मीही हसलो. मल्होत्रा हसले नाहीत.

"मुझे पहले ही लगा था," ते म्हणाले. "गुरमेल ने बेच दिया. सिक्के का रेट पता है आपको?" सिक्का म्हणजे शिसं, भंगारवाल्यांचा शब्द.

गुरमेलसिंग हे तिथले जुने स्टोअरकीपर, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. खड्ड्याची किल्ली त्यांच्याकडे असायची. मल्होत्रांनी पोलिसांसाठी अर्ज आधीच टाइप करून ठेवला होता आणि त्यात गुरमेलसिंगांचं नाव होतं. भांडं सापडत नसेल तर नियामक मंडळाला आणि पोलिसांना कळवणं मला भागच होतं. कोणी ते फोडलं, आतली चकचकीत कुपी कोणाच्या घरी गेली, तर पुढचं बोलवत नाही. पण त्या अर्जावर माझीही सही लागणार होती. आणि मला एक गोष्ट आठवत होती, जी मल्होत्रांना ठाऊक नव्हती. दरवर्षी येऊन तपासणी करायची ती मी केली नव्हती. मी पुण्याहून फोन करायचो, "सब ठीक, गुरमेल जी?" ते म्हणायचे, "अभी देखकर बताता हूँ जी," खरोखर जाऊन बघायचे आणि परत फोन करायचे. ते निवृत्त झाल्यावर तर मी फोनही केला नाही.

मी दोन तास मागून घेतले. मागायला नको होते, नियम तसा नाही.

गुरमेलसिंगांचं गाव मुल्लानपूरच्या बाजूला. गव्हाच्या शेताला लागून चौदा मजली इमारती उठताहेत आणि त्या सावलीत गुरमेलसिंगांचं अंगण. ते मंजीवर (दोरीच्या खाटेवर) बसले होते. मला ओळखलं, उठले नाहीत. त्यांच्या बायकोने माझ्या फेसाळ पँटकडे पाहिलं आणि काही न विचारता नवऱ्याचा धुतलेला पायजमा आणून दिला. मी तो चढवला. नाडी दोनदा गुंडाळावी लागली. मग कढी-भात आला. कामाचं बोलू लागलो तर गुरमेलसिंग म्हणाले, "पहले खाओ. भूखे आदमी की बात मैं नहीं सुनता."

जेवण झाल्यावर मी सगळं सांगितलं.

"मल्होत्रा का फोन आया था," ते म्हणाले. "पूछा, सिक्का कितने में बेचा. कहाँ रखा है, यह नहीं पूछा. जो पूछा नहीं, वह मैं क्यों बताऊँ?"

"मैं पूछता हूँ," मी म्हणालो. "कहाँ रखा है?"

"आपने ही तो रखवाया था. पहाड़ वाली दीवार के नीचे."

"रजिस्टर में तो उत्तर दिशा लिखी है."

"वह आपने लिखा. मुझे तो हाथ से दिखाया था." त्यांनी हात लांब करून शिवालिकच्या निळ्या रांगेकडे दाखवलं. मी फोन त्या दिशेला धरला. ईशान्य.

शाळेत नकाशा पाठ केलेल्या कुठल्याही मराठी मुलाला विचारा, हिमालय कुठे? उत्तरेला. सहा वर्षांपूर्वी मी शेडच्या दारातून डोंगर पाहिले आणि तिकडच्या भिंतीला बिनदिक्कत उत्तर करून टाकलं. सूर्य, होकायंत्र, कोणालाच विचारलं नाही.

हे मी त्यांना सांगितलं. गुरमेलसिंग इतके हसले की आतून बायको बघायला आली. मग एकदम थांबले. "चालीस किलो का बर्तन उठाता मैं? इस कमर से?" आवाज खाली आला होता. "बत्तीस साल में एक पेच कम नहीं हुआ मेरे स्टोर से, कुलकर्णी साब."

त्यांनी पगडी नीट केली आणि माझ्याबरोबर निघाले.

रॅक हलवायला दुपार गेली. डोंगराकडच्या भिंतीशी मधोमध पूड खरवडली तसं माझं यंत्र हलकेच टिकटिकू लागलं. तो आवाज ऐकून आनंदणारा मनुष्य जगात विरळा असेल, माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. खड्ड्याचं लोखंडी झाकण दिसलं. कुलपावर अजून ग्रीसचा थर होता. स्टोअरमधल्या किल्लीने ते पहिल्या फिरवण्यात उघडलं. खाली भांडं, झडप बंद, त्यावर माझंच सील.

मल्होत्रांनी खुर्ची पुढे केली. गुरमेलसिंग बसले नाहीत.

"रजिस्टर लाओ जी," ते मला म्हणाले. "जो हुआ, लिखो. हिंदी में, ताकि सब पढ़ें."

मी लिहिलं: दिशा चुकीची नोंदली, चूक माझी, वार्षिक तपासणीला स्वतः आलो नाही, चूक माझी, स्टोअरकीपरने ठेवा जसाच्या तसा राखला. तीस वर्षांत मी इतकं स्वच्छ वाक्य लिहिलं नव्हतं. गुरमेलसिंगांनी ते सावकाश वाचलं आणि रजिस्टर मल्होत्रांपुढे सरकवलं. मल्होत्रांनी सही केली. मग त्यांनी तो टाइप केलेला अर्ज फायलीतून काढला, चार तुकडे केले आणि म्हणाले, "गुरमेल जी, गलती हो गई." गुरमेलसिंग म्हणाले, "हाँ, हो गई." आणि मग खुर्चीवर बसले.

दुसऱ्या दिवशी भांडं पेटीत बंद झालं, लेबलं लागली, गाडी निघाली. दोर मी बांधलेले पाहून गुरमेलसिंगांनी ते सोडले आणि पुन्हा बांधले. सुजाताने डबा दिला, पायजमा धुऊन परत पाठवायची जबाबदारीही घेतली.

परतीच्या विमानात मी विचार करत होतो. त्या कुपीची धग निम्मी व्हायलाच तीस वर्षं लागतात. तोवर मी नसेन, बहुधा गुरमेलसिंगही नसतील. शिसं, कुलूप, नियम सगळं आहे आणि हवंच. पण या खेपेला ते सांभाळलं एका माणसाने, ज्याला मी वर्षातून एकदा फोन करत होतो आणि तेवढ्यावर स्वतःला जबाबदार समजत होतो. आता या वर्षीच्या सगळ्या तपासण्यांना मी स्वतः जातो. प्रवास होतो, चुकाही होतात, पण जातो.

चौथ्या दिवशी गुरमेलसिंगांचा फोन आला. "पहुँच गया?"

"हाँ, हाँ, मैं तो उसी रात पहुँच गया."

"आप नहीं जी," ते म्हणाले. "बर्तन."

ते त्या सकाळीच पोहोचलं होतं. पावतीवरचा नंबर मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा म्हणवून घेतला, लिहून घेतला, आणि मग विचारलं, "और आप? ठीक हो?"