चार-चारची कुस्ती

"कोणाले कळलं बी नाही," भाऊसाहेब म्हणाले. "सफाई असावी तं अशी."

माझ्या नाकात कापूस होता. वरचा ओठ फुटला होता. नेरला कॉलेजांच्या कुस्तीस्पर्धा होत्या, तिथल्या हॉलच्या मागच्या खोलीत मी सतरंजीवर बसले होते. पाच मिनिटांपूर्वी त्रेपन्न किलोची अंतिम कुस्ती हरले होते. भाऊसाहेब आमच्या शिक्षणसंस्थेचे सचिव. ते आत आले तसे सगळे उभे राहिले. मीही उठायला लागले. त्यांनी माझ्या घामेजलेल्या डोक्यावर हात ठेवला आणि मला खाली बसवलं.

"चार-चार. बरोबरीत नेऊन सोडली. वा! तांड्यावरचे पोरं लय इमानदार. एकदा सांगतलं का सांगतलं."

मी सोडली नव्हती. मी हरले होते.

हे तिथंच म्हणायला हवं होतं. मी मान हलवली. का हलवली, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मोठा माणूस बोलत असला की आमच्या माना आपोआप हलतात.

आमच्या संस्थेची दोन कॉलेजं आहेत. थोरलं जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथं मॅट आहे, व्यायामशाळा आहे, मुलींचं वसतिगृह आहे. धाकटं तालुक्याला. मी तिथली. आमच्याकडं मॅट नाही. सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, पसरायचा, वर ताडपत्री ताणून बांधायची, त्यावर सराव. कुटार एका जागी दबलं की गुडघे फुटतात. मी त्या ताडपत्रीवर शिकले. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आमच्या बंजारा तांड्यात कुस्ती खेळणारी मुलगीही मीच पहिली.

स्पर्धेची ढाल कॉलेजला मिळते. प्रत्येक वजनात मुलीचा जो नंबर येतो, त्याचे गुण तिच्या कॉलेजच्या नावावर चढतात. आम्ही तिघीच उतरलेल्या, म्हणजे ढाल आमच्याकडं येणं शक्यच नव्हतं. थोरल्या कॉलेजची मात्र प्रत्येक वजनात मुलगी. त्यामुळे दोन्ही कॉलेजच्या मुली समोरासमोर आल्या की धाकट्या कॉलेजच्या मुलीनं कुस्ती सोडायची, असा रिवाज. कुठं लिहिलेला नाही. कुस्ती शिकवणारे सर सांगतात, आपण ऐकायचं.

मागच्या वर्षी सरांनी सांगितलं होतं, "घरातली कुस्ती आहे, पोरी. घरात कोणी जिंकत नसते, कोणी हारत नसते."

मी पहिल्या वर्षाला होते. प्रवेशाचा फॉर्म, दाखले, सगळं सरांनीच धावपळ करून भरलं होतं. त्यांना नाही कसं म्हणायचं? थोरल्या कॉलेजच्या पल्लवीनं माझी कंबर धरली आणि मी आडवी झाले. तिनं पाडलं नाही. मीच पाठ टेकवली, मग एक खांदा, मग दुसरा. मॅट थंड होती. छताच्या पत्र्यात एक भोक होतं. पंचांची थाप पडेपर्यंत मी त्या भोकाकडं बघत होते.

घरी आले तर याडीनं, म्हणजे आईनं, विचारलं, किती वेळ टिकलीस? ती आमच्या बोलीत बोलते, मी मराठीत लिहिते आहे. एक मिनिट, मी म्हटलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"वर्षभर त्या ताडपत्रीवर मरतेस. आणि एक मिनिट?"

खरं सांगितलं असतं तर तिला जास्त लागलं असतं.

यंदा पुन्हा अंतिम फेरीत पल्लवीच. थोरल्या कॉलेजला ढाल हवी तर तिला सोनं मिळायलाच हवं होतं, नाहीतर ढाल दुसऱ्या संस्थेकडं जाणार होती. सकाळी वजनाच्या काट्याजवळ सरांनी मला बाजूला घेतलं.

"ध्यानात आहे ना?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. सरांनी ते हो धरलं. ही माझी चूक. लिहून ठेवते.

पण मॅटवर पाय ठेवला आणि मला ते छताचं भोक आठवलं. मी लढले. पहिल्या फेरीत पट काढला, पाय ओढून तिला खाली आणलं, दोन गुण. तिनं मला फिरवलं, दोन गुण तिचे. दुसऱ्या फेरीत तिचं डोकं माझ्या नाकावर बसलं, रक्त आलं, पंचांनी थांबवलं, कापूस कोंबला. परत उभी राहिले. पुन्हा पट. चार-दोन. मी पुढं होते.

दहा सेकंद उरले होते. शहाणी पैलवान अशा वेळी मागं सरकते, हात अडवते, घड्याळ संपू देते. मी आत शिरले. मला तिला स्वच्छ पाडायचं होतं. मागच्या वर्षीचं सगळं त्या एका डावात पुसायचं होतं. पाय हातात आला. घामानं निसटला. ती माझ्या पाठीवर आली. दोन गुण. चार-चार. गुण सारखे झाले की शेवटचा गुण जिचा, कुस्ती तिची. पंचांनी पल्लवीचा हात वर केला.

चूक माझी होती. माझ्या आयुष्यातली सगळ्यात खरी चूक. आणि तीच साऱ्यांना पुरावा वाटली. पुढं असताना शेवटच्या दहा सेकंदांत कोण आत जाते? जिला सोडायची असते ती.

हौदावर तोंड धुताना पल्लवी माझ्याजवळ आली. तिचा उजवा हात वर होत नव्हता.

"खरं सांग वं, सोडली का?"

"नाही."

"मागच्या वर्षीसारखी नाही ना?"

"नाही म्हटलं ना."

"मंग भाऊसाहेब काहून तसं म्हणून राह्यले?" ती दंड चोळत म्हणाली. "माह्या हाताले मुंग्या येऊन राह्यल्या. सोडलेल्या कुस्तीत येतात का मुंग्या?"

तिला माहीत होतं. त्या हॉलमध्ये तिला एकटीलाच माहीत होतं.

कुणीतरी मोबाईलवर कुस्ती काढली होती. ती ग्रुपवर आली. खाली एकानं लिहिलं होतं, काय ॲक्टिंग! मी तो व्हिडिओ खूपदा पाहिला. शेवटचे दहा सेकंद पुन्हा पुन्हा. हात निसटतो ते थांबवून पाहिलं. पाहता पाहता मलाच वाटायला लागलं, सोडली तर नसेल? एकदा मान खाली घातली की पुढं आपला हातसुद्धा आपली साक्ष देत नाही. त्या आठवड्यात मी सरावाला गेले नाही. याडीला फक्त हरले म्हणून सांगितलं. यंदा तिनं किती वेळ ते विचारलं नाही.

सत्कार थोरल्या कॉलेजात होता. टेबलावर ढाल. पल्लवीला हार घातला. मग भाऊसाहेबांनी मला वर बोलावलं. मला वाटलं, चांदीच्या पदकासाठी असेल.

"या पोरीचे पूर्वज बैलाच्या पाठीवर गोण्या लादून मुलूख फिरले," भाऊसाहेब माईकवर म्हणाले. "मीठ वाह्यलं, धान्य वाह्यलं. पण दुसऱ्याची गोणी कधी फोडली नाही. तीच इमानदारी या लेकरात उतरली. मोठ्या बहिणीसाठी लहानी बहीण एक पाऊल मागं आली. टाळ्या झाल्या पाह्यजे!"

टाळ्या झाल्या. जोरात झाल्या.

गोण्यांची ही गोष्ट माझा आजा सांगायचा. सांगताना ताठ बसायचा. तीच गोष्ट भाऊसाहेबांनी उचलली आणि गोणीसारखी माझ्या पाठीवर टाकली. आजा इमानदार होता म्हणून मी आडवं व्हायचं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की हे माझं कौतुक नाही. हे मला माझी जागा दाखवणं आहे, आणि वर मीच धन्यवाद म्हणायचं आहे.

माझ्या हातात खोकं दिलं. कुस्तीचे नवे जोडे. मी आजवर दुसऱ्या एका मुलीचे जुने जोडे चिंध्या कोंबून घातले आहेत. माझ्या मापाचे जोडे पहिल्यांदा हातात आले होते. खोटं कशाला सांगू, मला ते हवे होते.

"दोन शब्द बोल, बेटा."

मी खोकं टेबलावर ठेवलं. माईक तोंडाला लागला, कर्कश आवाज झाला. पुढच्या रांगेतले काही हसले. मी काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते.

"मले जास्त बोलता येत नाही. मी पाऊल मागं घेतलं नाही. मागच्या वर्षी मले सांगतलं होतं, तवा मी कुस्ती सोडली. ते चुकलं. या वर्षीबी सांगतलं होतं. पण मी लढली आणि हारली. पल्लवी जिंकली. हे जोडे मले नको."

टाळ्या झाल्या नाहीत. मी पल्लवीकडं पाहिलं. तिनं फक्त उभं राहून 'होय' म्हणायचं होतं. तिचंच सोनं खरं ठरणार होतं. ती ढालीकडं बघत राहिली.

खाली उतरले तर सर जिन्यापाशी होते. चेहरा पांढरा.

"माही नोकरी तासिकेवर आहे, बाई. जूनमध्ये मले कोण घेईन आता?"

सर वाईट माणूस नाहीत. पण त्यांची नोकरी टिकावी म्हणून दरवर्षी एका मुलीनं पाठ टेकवायची, हेही मला आता मान्य नाही.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी याडीला दोन्ही वर्षांचं सगळं सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, पहिल्या वर्षीच सांगायचं होतंस. बस, एवढंच. जवळ घेतलं नाही. मीही रडले नाही.

आता कॉलेजनं एक कागद तयार केला आहे. मी मानसिक तणावाखाली चुकीचं विधान केलं, त्याबद्दल संस्थेची माफी मागते, असं त्यात आहे. खाली माझ्या नावाची मोकळी जागा. सही केली नाही तर पुढच्या स्पर्धेला माझं नाव जाणार नाही. शिपाई तीनदा वर्गात येऊन मला ऑफिसात बोलावून गेला. मी तिन्ही वेळा गेले. तिन्ही वेळा तो कागद वाचला आणि परत दिला.

सही मी करणार नाही. यांनी नाव पाठवलं नाही तर दाखला काढीन आणि दुसऱ्या कॉलेजकडून उतरीन. वजन तेच, त्रेपन्न. पल्लवी समोर आली तर तिला पाडायला जाईन, शेवटच्या दहा सेकंदांतसुद्धा. हरले तर ते पंचांनी सांगावं. भाऊसाहेबांनी सांगू नये.